मॉड्यूलर बांधकाम: वेगाच्या पलीकडची कारणे

मॉड्यूलर बांधकामाकडे, म्हणजे कारखान्यात तयार केलेल्या खोल्या जागेवर आणून जोडण्याच्या पद्धतीकडे, लोक वळतात ते केवळ वेगासाठी, असे अनेकदा म्हटले जाते. वेग महत्त्वाचा आहेच. तो येतो दोन कामे एकाच वेळी चालल्यामुळे, म्हणजे जागेवर पाया भरला जात असताना कारखान्यात नळ, वायरिंग आणि फरशीसह खोल्या तयार होत असल्यामुळे. वसतिगृहे, हॉटेले, रुग्णालये यांत तीच खोली पुन्हा पुन्हा लागते, म्हणून ही पद्धत तिथे आधी रुजली. इमारत लवकर वापरात आली की कर्जावरील व्याजाचा भारही हलका होतो.

तरीही माझ्या मते निर्णायक घटक आहे मागणीची खात्री. सिंगापूरने 2014 पासून निवडक सरकारी जमिनी विकताना ही पद्धत बंधनकारक केली. परदेशी मजुरांवरचे अवलंबन कमी करणे हा त्यामागचा एक हेतू होता. कामे सातत्याने मिळतील असा भरवसा असेल तरच कारखान्यात भांडवल घालण्याचे धाडस कोणी करतो. (कारखाना रिकामा राहिला तरी त्याचा खर्च थांबत नाही, हे विसरता कामा नये.)

कामगारांची सुरक्षितता आणि हवामानापासून मुक्तता हे लाभ उघडच आहेत. ज्याची चर्चा फारच कमी होते, तो मुद्दा देयकांचा आहे. जागेवर उभे राहिलेले काम मोजून हप्ते देण्याची बँकांची रीत असते, आणि येथे तर निम्म्याहून अधिक काम कारखान्यात पडून असू शकते. त्या खोल्यांची मालकी व विमा करारातच स्पष्ट केल्यास अनेक विकासकांचा संकोच दूर होईल.