टाइप-सी केबलने लॅपटॉप चार्ज होतो, पण मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणतो. मदत हवी आहे

परळकर
जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा. लॅपटॉप विंडोज ११ चा. डावीकडे दोन टाइप-सी पोर्ट, उजवीकडे एक एचडीएमआय. मॉनिटर २७ इंची, ४के, टाइप-सी इनपुट असलेला. त्याच केबलमधून ६५ वॅट चार्जिंगही देतो. केबल लावली की चार्जिंग लगेच सुरू होतं, पण पडद्यावर 'नो सिग्नल' आणि थोड्या वेळाने मॉनिटर झोपतो. एचडीएमआयने तोच मॉनिटर उत्तम चालतो.

करून पाहिलेलं: मॉनिटरच्या मेनूत इनपुट हाताने टाइप-सीवर नेला, विंडोज + पी दाबून 'एक्स्टेंड' केलं, डिस्प्ले सेटिंगमधलं 'डिटेक्ट' दाबलं, ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट आहे. केबल फोनच्या चार्जरसोबत आलेली, चांगली जाडजूड. आता विंडोज फॉरमॅट मारायचं का?

रिकामटेकडा
ड्रायव्हर पूर्ण काढून पुन्हा टाका. माझं मत, ९० टक्के वेळा तेच असतं.

सोल्डरगन
फॉरमॅट नको, ड्रायव्हरही सध्या राहू द्या. एचडीएमआयवर चित्र येतंय म्हणजे ग्राफिक्स आणि पॅनेल दोन्ही ठणठणीत आहेत. आधी ती जाडजूड केबल बाजूला ठेवा.

चार्जिंग होतंय यावरून चित्राबद्दल काहीच कळत नाही. टाइप-सीमध्ये वीज, साधा डेटा आणि चित्र यांच्या तारा वेगवेगळ्या असतात. चित्र जातं ते चार हाय-स्पीड जोड्यांमधून, आणि मॉनिटर कोणतं रिझोल्यूशन झेपवतो ही माहिती येते एसबीयू नावाच्या दोन तारांवरून. फोनच्या चार्जिंग केबलमध्ये या तारा बहुतेक वेळा टाकलेल्याच नसतात. असतात त्या फक्त विजेच्या, सीसीच्या (दोन उपकरणं एकमेकांना ओळखतात ती तार) आणि साध्या डेटाच्या, म्हणजे यूएसबी २.० च्या. जाडीवर जाऊ नका. जाडी वीज वाहणाऱ्या तांब्याची असते, ६५ वॅटच्या केबलला ती लागतेच.

ओळखायची कशी?

१. केबलचं टोक उजेडात धरून, मोबाइलचा कॅमेरा झूम करून आत पाहा. आतल्या भिंतीवर सोनेरी पट्ट्यांची ओळ दिसेल. एका ओळीत १२ जागा असतात. दोन्ही कडांपासून दुसरी आणि तिसरी जागा रिकामी दिसली तर ती केबल चित्र नेणार नाही. सगळ्या पट्ट्या दिसल्या तरी आत तारा जोडलेल्याच असतील याची खात्री नाही, म्हणून पुढची चाचणी.

२. एखादी एक्स्टर्नल एसएसडी याच केबलने लॅपटॉपला जोडा आणि दोन-तीन जीबीची फाइल कॉपी करा. वेग सेकंदाला ३५-४० एमबीवर अडकला तर केबल यूएसबी २.० ची. काही शे एमबी मिळाले तर हाय-स्पीड तारा आहेत.

मॉनिटरच्या खोक्यात आलेली टाइप-सी केबल अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत पडली असेल तर ती काढा. ९९ टक्के पिशवीतच असते.

कळफलक
सोल्डरगनशी सहमत, फक्त पोर्टही तपासा. दोन टाइप-सी आहेत म्हणजे दोन्हींतून चित्र जातंच असं नाही. पोर्टशेजारी बाणाचं टोक असलेलं विजेचं चिन्ह असेल तर थंडरबोल्ट (टाइप-सीचाच वेगवान प्रकार), तिथे चित्र मिळेल. डी आणि पी एकत्र गुंफलेलं चिन्ह म्हणजे डिस्प्लेपोर्ट, तिथेही मिळेल. नुसतं यूएसबीचं त्रिशूळ किंवा बॅटरीचं चित्र असेल तर त्या चिन्हावरून भरवसा धरू नका. स्वस्त लॅपटॉपांत टाइप-सी अनेकदा फक्त डेटासाठी असतो. उत्पादकाच्या साइटवर मॉडेल क्रमांक टाकून तपशिलात 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' (टाइप-सीतून चित्र पाठवायची सोय) हे शब्द शोधा. नसतील तर ड्रायव्हर बदलून ते येणार नाहीत, कारण तो बोर्डवरच्या जोडणीचा प्रश्न आहे.

पोर्टला सोय आहे पण केबलला नाही, अशा वेळी विंडोज कधी कधी उजव्या कोपऱ्यात 'डिस्प्ले कनेक्शन मर्यादित असू शकतं' अशा अर्थाची सूचना दाखवतो. 'डू नॉट डिस्टर्ब' चालू असेल तर ती नजरेतून सुटते.

परळकर
मंडळी, आभार! पट्ट्या खरोखरच गायब आहेत. खोक्यातली केबल शोधून दोन्ही पोर्टांत लावली. विजेचं चिन्ह असलेल्या पोर्टवर चित्र आलं. पण माउस ओढल्यासारखा चालतोय. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये ३० हर्ट्झ दिसतं, ६० चा पर्यायच नाही. शिवाय मॉनिटरला जोडलेला वेबकॅम आणि लॅन चालू आहेत.

सोल्डरगन
वेबकॅम आणि लॅनचा उल्लेख केलात ते बरं झालं. मॉनिटरमध्ये यूएसबी हब (वेबकॅम, लॅन वगैरे जोडायचे पोर्ट) असला की चार जोड्यांची वाटणी होते: दोन चित्राला, दोन यूएसबी ३ ला. आता हिशोब बघा. एचबीआर२ या डिस्प्लेपोर्टच्या वेगाने एका जोडीतून सेकंदाला ५.४ गिगाबिट जातात. दोन जोड्यांचे १०.८, त्यातून एन्कोडिंगचा पाचवा हिस्सा वजा केला की ८.६४ उरतात. ४के ६० हर्ट्झला ८ बिट रंगात साधारण १२.८ लागतात. बसत नाही, म्हणून ३० वर येतं. चारही जोड्या चित्राला दिल्या की १७.२८ मिळतात आणि ६० हर्ट्झ आरामात बसतं. लॅपटॉप आणि मॉनिटर दोघांनाही एचबीआर३ हा पुढचा वेग येत असता तर दोन जोड्यांतच १२.९६ मिळाले असते, म्हणजे जेमतेम भागलं असतं.

मॉनिटरच्या मेनूत 'यूएसबी-सी प्रायोरिटी' किंवा अशाच नावाचा पर्याय शोधा. त्यात 'हाय डेटा स्पीड' आणि 'हाय रिझोल्यूशन' असे दोन पर्याय असतात. दुसरा निवडा. काही मॉनिटरवर हेच 'यूएसबी २.० / ३.०' असं लिहिलेलं असतं, तिथे २.० घ्या. मग केबल काढून पुन्हा लावा आणि ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन ६० हर्ट्झ निवडा.

याची किंमत: मॉनिटरचा हब ४८० मेगाबिटवर येतो. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, साधा वेबकॅम यांना काही फरक पडत नाही. लॅन गिगाबिटची असली तरी प्रत्यक्षात तीनशेच्या आसपास मिळेल. एसएसडी सरळ लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला लावा.

चाळकरी
मुंबईच्या पावसाळ्यात एक गोष्ट आवर्जून बघा. केबल सरळ लावली की चित्र येतं आणि उलटी लावली की जात असेल, तर पोर्टच्या एका बाजूच्या पिन काळवंडल्या आहेत किंवा आत कचरा बसलाय. टाइप-सी उलटंसुलटं चालतं खरं, पण बाजू बदलली की पिनांचा दुसरा संच वापरला जातो. लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, लाकडी टूथपिकने कचरा अलगद उकरा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दहा मिनिटं सुकू द्या. आत सुई घालू नका.

परळकर
६० हर्ट्झ मिळाले, दोन्ही बाजूंनी केबल चालते. आता शेवटचा त्रास: फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला किंवा खुर्चीवरून उठलो की पडदा क्षणभर काळा होतो. खोक्यातली केबल टेबलापर्यंत पोहोचत नाही, म्हणून ती एक्स्टेंशन तुकडा लावून वाढवली आहे. त्यामुळे असेल का?

सोल्डरगन
तो तुकडा आधी काढा. टाइप-सीच्या मानकात एक्स्टेंशन केबल बसतच नाही. प्रत्येक जोडावर सिग्नल गळतो. मग कडेकडेने चालणारी जोडणी जरा खुट्ट झालं की तुटते आणि पुन्हा हातमिळवणी होईपर्यंत पडदा काळा. खुर्चीचं मात्र नवल नाही. गॅसच्या दांड्याच्या खुर्चीवरून उठताना स्थिर विजेचा झटका हवेतून केबलला लागतो, हा जुना माहीत असलेला प्रकार आहे. चांगल्या शील्डची अखंड केबल घ्या, शक्यतो एक मीटर, फार तर दोन.

घेताना '१०० वॅट' बघून भुलू नका. १०० वॅटची यूएसबी २.० केबलही मिळते. पाकिटावर १० किंवा ४० गिगाबिट, '४के ६० हर्ट्झ' किंवा थंडरबोल्ट असं लिहिलेलं हवं. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जात असाल तर लॅपटॉप सोबत न्या, दुकानातल्या टाइप-सी मॉनिटरवर ६० हर्ट्झ दिसल्यावरच पैसे द्या. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

चाळकरी
आणि अर्थिंग. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं पण वरचं भोक कशालाच जोडलेलं नसतं. चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूवर हात फिरवल्यावर झिणझिण्या आल्या तर समजा. वायरमनकडून मल्टिमीटरने मोजून घ्या: फेज-अर्थ २३० व्होल्टच्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट यायला हवेत. फ्रिज आणि मॉनिटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर असतील तर आधी वेगळे करा.

नवखी
अवांतर विचारते. माझ्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय आहे, मॉनिटरला टाइप-सी. बाजारात टाइप-सी ते एचडीएमआय केबल मिळते, ती उलटी लावली तर?

कळफलक
नाही चालणार, ताई. ती एकाच दिशेची असते: टाइप-सीकडे लॅपटॉप, एचडीएमआयकडे पडदा. तुमच्या मॉनिटरला मागे एचडीएमआय इनपुट असेलच, साधी एचडीएमआय केबल लावा. ४के असेल तर दोन्हीकडे एचडीएमआय २.० हवं, १.४ असेल तर पुन्हा तेच ३० हर्ट्झ.

परळकर
तुकडा काढून मॉनिटर लॅपटॉपजवळ सरकवला. फ्रिज सुरू झाला तरी पडदा शाबूत, खुर्चीवरून उठताना मात्र अधूनमधून अजून मिचकावतो. अर्थिंग मोजायला वायरमनला सांगितलंय, केबल सोमवारी बघतो.