शिक्षकाचं मन वर्गात रमतं ते कशामुळे: मुख्याध्यापक की पगार?

पूर्वभागातली शिक्षिका: माझ्या मते मुख्याध्यापकामुळे. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्याकडे विडी कामगार आयांची मुलं येतात; घरी तेलुगू, शाळेत मराठी. आधीच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, परिपाठ झाला की पहिलीच्या वर्गात मागे येऊन बसायच्या. पाठाच्या टाचणवहीत खोट काढली नाही कधी. तास संपल्यावर विचारायच्या, ‘खिडकीजवळच्या मुलीला प्रश्न कळला होता, की शेजारणीचं बघून हात वर केला?’ दुसऱ्या दिवशी तिच्यापासूनच तास सुरू व्हायचा. त्यांची बदली झाली आणि शाळेचा नूरच पालटला. पगार तोच होता.

मोहोळकर: मॅडम, कायम असलेल्यांना हे बोलणं सोपं आहे. शिक्षण सेवकाला, म्हणजे नव्याने लागलेल्या शिक्षकाला, तीन वर्षं मानधनावर काढावी लागतात. प्राथमिकला 2023 पर्यंत ते महिना 6,000 होतं, आता 16,000. खोलीभाडं, पेट्रोल आणि गावी आईची औषधं यातून भागवणाऱ्याला मोठ्या बाईंच्या शाबासकीने काय होणार?

माढ्याचा पालक: रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं ते परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत काम करताना. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचं काम तिथलंच. 10 लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांत वाटली. उमेद आतूनच असावी लागते.

सांगोल्याचे गुरुजी: दादा, गुरुजींचा अभिमान आम्हालाही आहे. पण एका माणसाच्या जिद्दीवर जिल्ह्याच्या शाळा चालवायच्या का? आणि ताई, तुम्ही मुख्याध्यापक म्हणता, तो आहे कुठे? शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला पट 150 च्या वर असेल तरच मुख्याध्यापक. आमची वस्तीवरची दोनशिक्षकी शाळा. प्रभारी मीच. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, यू-डायसवर शाळेची सरकारी माहिती भरणं, केंद्रप्रमुखांना माहिती, आणि समोर दोन इयत्ता एकत्र. सोबतच्या शिक्षकाच्या वर्गात मी कधी जाऊन बसू?

पूर्वभागातली शिक्षिका: गुरुजी, हे पटलं. मोहोळकर सर, मानधन वाढलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्येच मांडलंय की पगार कमी असला की माणूस नाराज होतो, पण नुसत्या पगाराने कामाची ओढ लागत नाही. ती कामातून आणि कामाची दखल घेतल्याने लागते. दखल घेणारं कुणीतरी शाळेत हवं.

मोहोळकर: आधी नाराजी घालवा, मग ओढीचं बोलू.

सांगोल्याचे गुरुजी: दखल घ्यायची माझी तयारी आहे, ताई. चार-पाच वस्तीशाळांना मिळून एक लिपिक द्या. आठवड्यातून दोन तास तरी मी शेजारच्या वर्गात बसेन.