इतका त्रास होता तर निघून का नाही गेली? या प्रश्नाला माझं उत्तर

गोदाकाठची
रविवारी नाशिकला गंगापूर रोडच्या त्या छोट्या हॉलमध्ये आपण वीस-बावीस जणांनी जो इंग्रजी सिनेमा पाहिला, त्याबद्दल लिहितेय. नाव मुद्दाम घेत नाही, कारण शेवटासकट सगळं फोडणार आहे आणि काहींचा बघायचा राहिलाय. जे आले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगते. नवरा चोरीच्या गाड्या फोडून सुटे भाग विकणाऱ्या टोळीतला, मारकुटा. बायको लाँड्रीत कामाला. पहिली चाळीस मिनिटं ती फक्त निघायची तयारी करते. मग एका रात्री टोळीच्या रोकडीची पिशवी घेऊन पळते. पुढे पाठलाग. शेवटी ती त्याला हातही लावत नाही. ज्यांचे पैसे होते त्यांना फोन करून तो कुठे लपलाय तेवढं सांगते.

यावर सिडको_जुना यांनी ग्रुपवर लिहिलं, "पहिला भाग झोप आणणारा. इतका त्रास होता तर दार उघडून निघून जायचं. पोलीस आहेत, कायदा आहे. बाई बावळट दाखवलीय." दोन दिवस हे वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

काका, ती चाळीस मिनिटं हाच सिनेमा आहे. ती नवऱ्याच्या खिशातून दर खेपेला एकच नोट काढते. नाणी घेत नाही, वाजतात म्हणून. नोटा ठेवते सॅनिटरी पॅडच्या पाकिटात, कारण घरात तेवढ्याच वस्तूला तो हात लावत नाही. दाराच्या बिजागरीला रोज रात्री स्वयंपाकाचं तेल लावते आणि सकाळी ओघळ पुसते. मग डोळे मिटून पलंगापासून दारापर्यंतची पावलं मोजते. त्या वेळी हॉलमध्ये मागे कोणीतरी खुर्ची सरकवली तर मी अक्षरशः दचकले. झोप कुठून येणार?

आणि हे परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे निघायचं म्हणजे आधार, पासबुक, पोरांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले. दागिने सासूच्या कपाटात. बँकेला नंबर नवऱ्याचा जोडलेला, म्हणजे पैसे काढायला गेलं की ओटीपी त्याच्या मोबाईलवर. दार उघडायला एक सेकंद लागतो. त्याच्या आधी कित्येक महिने जातात.

सिडको_जुना
माझं एक वाक्य उचलून धागा काढलात, तर पूर्ण ऐका. माझा मुख्य आक्षेप शेवटावर होता, तो तुम्ही गाळलात. बाई दुसऱ्याचे पैसे चोरते, एका माणसाला फोनवरून मारवते, आणि हॉलमध्ये टाळ्या पडतात. पुरुषाने हेच केलं असतं तर?

दुसरं. माझ्या धाकट्या भावावर २०११ साली ४९८अ, म्हणजे बायकोच्या छळाचं कलम लागलं. आई तेव्हा सत्तरीची, गुडघ्याचं दुखणं. तिला पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर दुपारी बारापासून रात्री नऊपर्यंत बसवलं. सात वर्षांनी सगळे निर्दोष सुटले. आई ते बघायला राहिली नाही. यावर कोणी सिनेमा काढत नाही. म्हणून "बिचारी बायको, राक्षस नवरा" सुरू झालं की मला राग येतो, आणि येणारच.

कोर्टाच्या_पायऱ्या
वकील म्हणून दोघांनाही सांगते.

काका, तुमच्या आईबाबत झालं ते वाईटच झालं. अशा प्रकारांमुळेच २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं की ४९८अ मध्ये कारण न नोंदवता सरसकट अटक करायची नाही. १९८३ साली आलेलं ते कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ आहे. पण एका भावाच्या केसवरून सगळ्या बायकांचा हिशेब लावू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के जणींनी कधी मदत मागितली नाही, कोणाला सांगितलंही नाही.

गोदाकाठची, तुमचीही एक गोष्ट खटकली. बाईनेच घर सोडायचं हे तुम्ही गृहीत धरलंत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा मुळात तिला घरात राहायचा हक्क देतो. कलम १९ खाली न्यायालय नवऱ्याला घराबाहेर काढू शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून तिला हाकलता येत नाही. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्ष कैद किंवा वीस हजार दंड, किंवा दोन्ही.

गोदाकाठची
आणि निकाल किती दिवसांत लागतो?

कोर्टाच्या_पायऱ्या
कायद्यात लिहिलंय, पहिली तारीख तीन दिवसांत आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न. माझ्या एका पक्षकाराला अंतरिम आदेशालाच चौदा महिने लागले. तोवर ती त्याच घरात, त्याच माणसासोबत. म्हणून सिनेमातली बाई कोर्टात गेली नाही याचा मला राग येत नाही, इतकंच मान्य करते.

फाळक्यांच्या_गावचा
त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेबांनी १९१३ मध्ये पहिला चित्रपट दिला, आणि त्यांच्याच जिल्ह्यात आपण परदेशी सिनेमावर भांडतोय. असो. मला वेगळंच सांगायचंय. १९९१ च्या 'स्लीपिंग विथ द एनिमी'वरून आपल्याकडे लागोपाठ 'याराना', 'दरार', 'अग्निसाक्षी' आले. मूळ सिनेमात ज्युलिया रॉबर्ट्स नवऱ्याला कळू न देता पोहायला शिकते आणि बुडाल्याचं सोंग करून निसटते. 'अग्निसाक्षी'बद्दल आज कोणालाही विचारा, नाना आठवतो. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि काम जबरदस्तच होतं. पण मनीषा कोईरालाने ती बायको कशी उभी केली होती, हे चार वाक्यांत सांगणारा मला अजून भेटलेला नाही. रविवारच्या सिनेमात कॅमेरा नवऱ्याकडे न जाता कडीवर थांबतो, म्हणून तो मला आवडला.

इंदिरानगर_आयटी
एक तांत्रिक चूक. ती फोन चालत्या ट्रकमध्ये फेकते आणि नवरा ट्रकमागे जातो. छान. पण पुढे नव्या फोनवर जुनंच ईमेल खातं उघडते. तिथेच सापडली असती. खरंच निघणाऱ्या कोणी वाचत असेल तर नवं सिम, नवं खातं, आणि जुन्या खात्यात लोकेशन कोणाला दिसतंय ते आधी तपासा. ते बंद करायचं असेल तर निघतानाच करा, आधी केलंत तर त्याला संशय येईल.

सातपूर_पहिली_पाळी
मी सहसा लिहीत नाही. काकांचं "दार उघडून निघून जायचं" वाचलं म्हणून लिहिते.

मी २०१६ मध्ये निघाले. सातपूरच्या एका कंपनीत पॅकिंगला होते, पहिली पाळी. एरवी घरातून पिशवी घेऊन बाहेर पडले की कुठे, कशाला, किती वेळ. पाळीला जाताना कोणी काही विचारायचं नाही. म्हणून मी कागद डब्यातून नेले. चार पुडांचा डबा होता, सगळ्यात खालच्या पुडात एक कागद, वरती पोळ्या. आज आधार, चार दिवसांनी पासबुक, असं करत दीड महिना. मैत्रिणीच्या लॉकरमध्ये साठवले. मुलीच्या जन्मदाखल्यावर वांग्याच्या भाजीचं तेल सांडलं, तो डाग अजून आहे. शाळेत प्रवेशाला गेले तेव्हा बाई म्हणाल्या, दाखला असा का झालाय. मी म्हटलं, पावसात भिजला.

निघाले त्या दिवशी अंगावर कंपनीचा गणवेश होता. मुलीला म्हटलं, आज माझी कंपनी बघायला चल. ठक्कर बाजार स्टँडवरून एसटी धरली. नगरला मावशीकडे जायचं होतं, पैसे संगमनेरपर्यंतच पुरले. तेव्हा बायकांना अर्धं तिकीट नव्हतं. आजच्यासारखं असतं तर निम्म्या पैशात गेले असते.

मुंबई_नाका
ताई, तुमच्या धैर्याला नमस्कार. पण अर्ध्या तिकिटाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. १७ मार्च २०२३ पासून सरसकट बायकांना निम्मं भाडं. कॉलेज रोडची पगारदार बाई पुण्याला लग्नाला निघाली तरी निम्मं, आणि अंबडचा कंत्राटी कामगार गावी निघाला तर पूर्ण. वर जानेवारी २०२५ ला भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. गरिबाला द्या ना सवलत. पुरुष काय झाडाला पैसे लावून आलाय?

गोदाकाठची
धागा सिनेमाचा आहे.

मुंबई_नाका
मी नाही काढला विषय.

फाळक्यांच्या_गावचा
पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून पूर्ण मोफत आहे, त्यात करोडपती आजोबाही आले. तेव्हा तुम्ही गप्प होतात. बायकांना दिलं की हिशेब आठवतो?

मुंबई_नाका
म्हातारपण सगळ्यांना येतं, म्हणून ते वेगळं. आणि प्रत्येक अर्ध्या तिकिटामागे अशी रडकी गोष्ट नसते हो.

सातपूर_पहिली_पाळी
रडकी? मी कुठे रडले ते दाखवा. दीड महिना डब्यातून कागद नेले, एकदाही हात थरथरू दिला नाही. तुम्हाला निम्म्या भाड्याचं दुःख आहे तर ते करा, माझ्या गोष्टीला नाव ठेवू नका.

निवृत्त_वाहक
एकतीस वर्षं तिकिटं फाडली, आता मीही बोलतो.

पूर्वी जोडपं चढलं की पैसे नवरा द्यायचा. बाईला गाव विचारलं तर ती त्याच्याकडे बघायची. एकटी बाई असली तर रुमालाची गाठ सोडणार, नोटा मोजणार, पुन्हा मोजणार. आणि काही जणी पैसे पुढे करून हळूच विचारायच्या, "दादा, एवढ्यात कुठपर्यंत जाता येईल?" गावाचं नाव नाही. एवढ्यात कुठपर्यंत. एकतीस वर्षांत हा प्रश्न मला फक्त घरातून पळालेल्या पोरांनी आणि मार खाऊन निघालेल्या बायकांनी विचारला. पोरांना मी पुढच्या स्टँडवर चौकीत सोपवायचो. बायकांना काय सांगायचं ते आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. एकीला सिन्नरला उतरवलं, तेवढेच पैसे होते तिच्याकडे. रात्रीचे साडेदहा झाले होते. गाडी सुटली तरी ती फलाटावर तशीच उभी होती. मी घंटी दिली, गाडी नेली. माझ्या खिशात पैसे होते हो. त्या वेळी सुचलं नाही.

तेव्हा मुंबई नाका, हिशेब तुमचा बरोबर असेल. माझा तिथेच अडकलाय.

मुंबई_नाका
"रडकी" शब्द मागे घेतो. ताई, चुकलो. सवलत उत्पन्न बघून द्यावी हे मत कायम.

इंदिरानगर_आयटी
रात्री साडेदहाला फलाटावर उभी असलेली बाई उत्पन्नाचा दाखला कुठून आणणार?

मुंबई_नाका
बरं. तिच्यापुरतं मान्य. बाकीच्यांचं नाही.

कोर्टाच्या_पायऱ्या
वाहकदादा, आता सांगायला काहीतरी आहे. १८१ महिला हेल्पलाइन, तातडीचं असेल तर ११२. सखी वन स्टॉप सेंटर २०१५ पासून आहेत, तिथे तात्पुरता आसरा मिळतो. स्टँडवर हे नंबर ठळक लावले पाहिजेत, बायकांच्या स्वच्छतागृहात आतल्या बाजूने. बाहेर लावले तर सोबत नवरा असताना कोण वाचणार?

शेवटाबद्दल काकांना उत्तर द्यायचं राहिलं. तो मारला जाणार हे माहीत असताना पत्ता दिला, तर आपल्या कायद्यात ती सहज गोवली जाईल. ते बरोबर केलं असं मी म्हणणार नाही.

गोदाकाठची
मीही म्हणत नाही. मी टाळी वाजवली नव्हती. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ आपल्याच हाताकडे बघत राहते, ते टाळ्यांच्या आवाजात कोणी पाहिलं नाही याचंच मला वाईट वाटलं. पण ती निघाली नसती तर कोण मेलं असतं, हाही प्रश्न आहेच ना काका? मारकुट्या माणसाच्या हातून सगळ्यात मोठा धोका बाई निघते तेव्हाच असतो. तो मागे लागणार हे तिला माहीत होतं.

सिडको_जुना
सगळं वाचलं. दोनदा लिहून खोडलं.

१९९१ पासून आम्ही सिडकोच्या तिसऱ्या योजनेत राहतो. भिंतीला भिंत. पलीकडचा माणूस दिवसा फार सज्जन, माझ्या स्कूटरला धक्का द्यायला यायचा. रात्री भांडी पडायची. बाईचा आवाज कधी आला नाही, फक्त भांड्यांचा. बायको म्हणायची, जाऊन विचारा. मी म्हणायचो, तिला त्रास असता तर ती दार उघडून बाहेर आली नसती का. हे वाक्य मी तेव्हापासून बोलतोय, आज लक्षात आलं.

पहिली चाळीस मिनिटं पुन्हा बघेन. झोप आणणारा म्हटलं ते चुकलं. शेवट मला पटलेला नाही आणि पटणार नाही. भावाच्या बाबतीतही एक शब्द मागे घेत नाही. आई त्या बाकड्यावर बसली होती ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

सातपूर_पहिली_पाळी
काका, तुमच्या आईचं वाचून मलाही वाईट वाटलं, ते आधीच लिहायला हवं होतं. ती शेजारची बाई पुढे कुठे गेली?

सिडको_जुना
माहीत नाही. १९९८ ला घर विकून गेले. सामानाच्या टेम्पोत ती मागे बसली होती, मी गॅलरीतून बघितलं. तिनेही वर बघितलं होतं.