केळीच्या बागेचं पेंटिंग अर्धवट सोडलंय, पुढे हात लावायची हिंमत होत नाहीये

रावेरची_पोर
नमस्कार मंडळी. अॅक्रेलिकमध्ये मोठ्या कॅनव्हासवर आमच्याकडची केळीची बाग काढतेय, मागे सातपुडा, पुढे निसवलेली (घड बाहेर पडलेली) झाडं, मधून ठिबकच्या नळ्या. स्केचपर्यंत मस्त चाललं होतं, हिरवा भरायला घेतला आणि तिथून बिघडत गेलं. आता नुसती हिरवी भिंत दिसते, पुढचं पान कुठलं आणि मागचं झाड कुठलं काही कळत नाही, सुधरवायला गेले की अजून मळकं होतं. पण खरा त्रास डोक्यात चाललाय. ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड होता तो काय असाच मिळाला होता का, आर्ट कॉलेजवाले हे बघून काय म्हणतील, हेच फिरत राहतं. कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. वरून पांढरा मारून नवीन सुरू करू का? तुम्ही लोक अशा वेळी काय करता?

तापीकाठ
ताई पांढरा मारू नका अजून. आधी मोबाईलवर चित्राचा फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाईट करून बघा. मला वाटतं पुढचं पान, मागचं पान, खोड सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसेल. तसं असेल तर तुमचा हिरवा चुकलेला नाही, उजेड-अंधार सपाट झालाय, आणि "मला येत नाही" ह्याला काही औषध नाही पण "उजेड सपाट झालाय" ह्याला आहे, म्हणून आधी नेमकं काय बिघडलंय ते शोधायचं.
आता केळीचं सांगतो, रोज बघतो म्हणून. सकाळी ऊन तिरपं असताना बागेत उभं राहा. ऊन पानाच्या पलीकडून येत असेल तर पान पोपटी-पिवळं पेटतं, मधली शीर आणि बारीक रेषासुद्धा दिसतात. तेच पान उन्हाच्या बाजूने बघितलं तर त्याच्यावर आभाळ पडलेलं असतं, ते निळसर राखाडी दिसतं, हिरवं म्हणवतच नाही. आणि आत, खोडांच्या मध्ये, जवळजवळ काळोख. म्हणजे एकाच झाडावर तीन वेगळे रंग आहेत आणि आपण ट्यूबमधला एकच हिरवा सगळीकडे फिरवतो. वाऱ्याने फाटलेली पानं आणि खाली लोंबणारी वाळलेली पानंही घ्या, त्या मातकट रंगाशेजारी हिरवा आपोआप उठतो. मागच्या ओळी फिक्या आणि निळ्याकडे न्या म्हणजे त्या मागे जातील.

भुसावळ_जंक्शन
मी थोडं वेगळं म्हणेन. मोठ्या कॅनव्हासवरच शिकायचं आणि त्याच्यावरच स्वतःची परीक्षा घ्यायची, काबरं? तो भिंतीकडे राहू द्या काही दिवस आणि छोट्या कागदावर नुसतं एक पान करा, मग दोन पानं, एक उन्हातलं एक सावलीतलं. बिघडलं तर कागद बाजूला, जीवाला लागत नाही.
दुसरं, मळकट होण्याचं एक कारण आपला उन्हाळासुद्धा आहे. अॅक्रेलिक इकडे पॅलेटवरच वाळायला लागतं, मग अर्धवट वाळलेल्यावर ब्रश घासला की खालचा थर उचकटतो. ताटात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग काढा, बराच वेळ ओला राहतो. थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा हात मारू नका. आणि अॅक्रेलिक वाळल्यावर थोडं गडद होतं हे लक्षात ठेवून मिक्स करा, नाहीतर रात्री बरोबर वाटलेलं सकाळी काळपट दिसतं आणि माणूस उगाच स्वतःवर शंका घेतो.

चाळीसगावकर
रंगाचं वरच्यांनी सांगितलंय, मी डोक्यातल्याबद्दल बोलतो. शंका येते ती बहुतेक चित्र अर्धं झाल्यावर येते कारण तेव्हा स्केचची मजा संपलेली असते आणि शेवटचे बारकावे आलेले नसतात, त्या अवस्थेत कोणाचंही चित्र वाईटच दिसतं. फ्रेंच चित्रकार मोनेचं बघा, १९०८ साली प्रदर्शन तोंडावर आलं असताना त्याने वॉटर लिलीची किमान १५ चित्रं स्वतः नष्ट केली, प्रदर्शन पुढे ढकलावं लागलं, आणि १९०९ ला पॅरिसमध्ये ४८ चित्रं लागली. म्हणजे इतकं नाव झाल्यावरही शंका गेली नव्हती, त्यामुळे ती जाईल मग मी काढेन अशी वाट बघू नका. तिच्यासोबतच काढायचं.
अजिंठा आपल्याला जवळ आहे, एकदा फक्त काम कसं केलंय हे बघायला जा. तिथे आधी गेरूची रेषा, मग रंग, मग शेवटी परत रेषा ठळक केलेली. पहिली रेषा शेवटची नसते हे त्या पद्धतीतच धरलेलं आहे. आणि काही लेणी अर्धवट राहिलेली आहेत, २४ नंबर त्यातलंच, तिथे दगड कुठपर्यंत कोरला आणि कुठे थांबला ते स्पष्ट दिसतं, मला तर पूर्ण लेण्यांपेक्षा तिथे जास्त शिकायला मिळतं.
आर्ट कॉलेजवाल्यांचं म्हणाल तर अर्धवट काम कोणालाच दाखवू नका. दाखवायचंच तर "कसं वाटतं" असं विचारू नका, "पुढचं पान पुढे येतंय का" असं विचारा, मग उत्तरही कामाचं मिळतं.

रावेरची_पोर
तापीकाठ दादा, फोटो काढून बघितला, अगदी तुम्ही म्हणालात तसंच, खोड आणि पानं सगळी एकच राखाडी!! आणि विचित्र म्हणजे ते बघून बरं वाटलं, कारण आता काय करायचं ते तरी कळतंय. भुसावळ, छोट्या कागदावर पान करून बघते आधी, ताट-फडक्याचं पण करते. एक विचारायचं होतं, आभाळ पडलेली निळसर पानं काढताना हिरव्यात पांढरा मिसळला की चुन्यासारखं दिसतं, त्याला काय करायचं?

तापीकाठ
नुसत्या पांढऱ्याने तसंच होतं. आधी अल्ट्रामरीन निळा आणि चिमूटभर यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळून राखाडी-हिरवा बनवा, पांढरा सगळ्यात शेवटी आणि थोडा. आणि पूर्ण पानाला लावू नका, शिरेच्या एकाच बाजूला लावा, दुसरी बाजू गडद राहू द्या. पान तिथेच वळेल.