मदत हवी आहे: पणजोबांच्या मृत्यूची चौकशी आणि पणजीच्या पेन्शनचे कागद कुठे मिळतील?

माणदेशी_पोर:
नमस्कार, जरा लवकर सांगा, परवा मुंबईला जातोय आणि दोनच दिवस रजा आहे. पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले ते परत आलेच नाहीत. पणजीला काही वर्षं सरकारी पेन्शन होती, मग बंद झाली. मृत्यूची चौकशी झाली असेल ना, तिचे कागद आणि पेन्शनची फाईल बघायची आहे. एका कचेरीत दोन हेलपाटे घातले, एवढं जुनं नसतं म्हणून परत पाठवलं.

सह्याद्री_वारा:
पलटण कुठली? गाव, जिल्हा? कुठल्या आघाडीवर गेले? एवढ्यावर कोण काय सांगणार.

नोंदवही:
तहसीलच्या रेकॉर्ड रूमला गाव नमुना १४ मागा, त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. जन्ममृत्यू त्यातच असतात. २०२३ ला शिंदे समिती आल्यापासून मोडी कागद स्कॅन केलेत, कितीतरी जिल्ह्यांच्या वेबसाईटवर आहेत. वंशावळीचं शपथपत्र जोडा, कुणबी दाखला निघून जाईल.

माणदेशी_पोर:
मला दाखला नकोय हो. सातारा जिल्हा, मराठा पलटण, मेसोपोटेमिया. घरात एवढंच सांगतात की कुतला वेढ्यात होते.

फोर्टचा_वाटाड्या:
मुंबईला येताच आहात तर कॉरोनरचं रेकॉर्ड विचारा. ब्रिटिश काळात मृत्यूची चौकशी कॉरोनरच करायचा.

सह्याद्री_वारा:
वाटाड्या, कॉरोनर फक्त मुंबई शहरापुरता होता. १८७१ चा कायदा तेव्हा मुंबई आणि कलकत्त्यालाच लागू होता. खेड्यात कुणी अपघाताने वगैरे मेला तर पोलीस पाटील खबर द्यायचा आणि पोलीस पंचनामा करायचे. आणि हा माणूस इराकात गेलाय, त्याचा पंचनामा गावात कसा होईल? म्हणून तो नमुना १४ मध्ये पण बहुतेक सापडणार नाही.

कुत म्हणजे इराकातलं गाव. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, तुर्कांचा वेढा पडला आणि शेवटी शरणागती. सहावी पूना डिव्हिजन, त्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी. जवळपास १३ हजार लोक कैद झाले आणि आपल्या शिपायांना चालवत सीरियातल्या रास अल ऐनकडे रेल्वेच्या कामावर नेलं. कित्येक वाटेतच गेले. अशा माणसाचं आधी 'बेपत्ता' लागायचं आणि मयत ठरेपर्यंत घरची माणसं लटकलेली. म्हणून पलटण विचारतोय. घरात मेडल आहे का? असलं तर त्याच्या कडेवर भिंग धरून बघा, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते.

निवृत्त_हवालदार:
बाळा, फॅमिली पेन्शनसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. पीपीओची (पेन्शनच्या हुकमाची) झेरॉक्स, मृत्यूचा दाखला, आधार, बँक पासबुक आणि जॉइंट फोटो घेऊन जा. माझ्या वहिनीचं मीच करून दिलं. आपल्या सातारा जिल्ह्यात मिलिटरी अपशिंगे गाव आहे, पहिल्या युद्धात तिथले ४६ जवान कामी आले. आपल्या मातीचा अभिमान पाहिजे.

माणदेशी_पोर:
हवालदार काका, पणजी जाऊन साठ वर्षं झाली. पेन्शन चालू करायची नाहीये.

मेडल आहे! आजीच्या पत्र्याच्या पेटीत होतं. कडेवर नंबर निघाला, पुढे शिपाई, नाव आणि शेवटी ११७ मराठा असं तोडून लिहिलंय. त्याच्याबरोबर एक मोठी पितळी थाळीपण आहे, बशीएवढी, बाई आणि सिंह आहे, पणजोबांचं नाव उठावात आहे पण नंबर नाही. लहानपणी आम्ही ती मांजराच्या दुधावर झाकायचो.

सह्याद्री_वारा:
अहो हे आधी सांगायचं! ती पितळी नाही, ब्राँझची आहे. युद्धात मेलेल्याच्या वारसालाच ती मिळायची. म्हणजे सरकारने तुमच्या पणजोबांना मयत धरलं आणि पणजीला वारस धरलं. वारस ठरवायला चौकशी लागली असणार, तुम्ही शोधताय ती चौकशी हीच.

अभिलेख_मावशी:
कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारा आयोग) साईटवर बसरा स्मारकात नाव शोधा. तिथल्या दगडावर हिंदी शिपायांची नावं कोरलीच नव्हती, पलटणीखाली नुसता आकडा होता, पण यादीत नाव मिळू शकतं. रेड क्रॉसच्या १९१४-१८ च्या कैद्यांच्या याद्याही २०१४ पासून ऑनलाइन आहेत. स्पेलिंग चार प्रकारे टाकून बघा.

फोर्टचा_वाटाड्या:
एवढं लांब कशाला, खडकीला पुण्यात स्मारक आहेच की. आणि लाहोरच्या म्युझियममध्ये तीन लाख शिपायांची रजिस्टरं निघाली ना, २०२१ ला ऑनलाइन आली, तिथं बघा.

अभिलेख_मावशी:
खडकीचं स्मारक पहिल्या युद्धापुरतं धरलं तर हिंदुस्थानातच मेलेल्यांचं आहे. आणि लाहोरची रजिस्टरं पंजाबची आहेत, साताऱ्याचा माणूस त्यात कसा येईल? परवा जायचंय त्याला, उगाच इकडेतिकडे पळवू नका.

फौज भारत सरकारच्या अखत्यारीत होती म्हणून आर्मी डिपार्टमेंटच्या फायली दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागारात. त्यांच्या अभिलेख पटल पोर्टलवर घरबसल्या शोधता येतं. मुंबईला काळ्या घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे, तिथे मुंबई सरकारच्या फायली. पण वारस कोण हे विचारत कागद कलेक्टर, मामलेदार, पाटील असा खाली यायचा आणि पंचांचे जबाब घेऊन वर जायचा. म्हणून मी आधी जिल्हा धरेन.

सह्याद्री_वारा:
मी उलट म्हणतो, आधी दिल्ली. जिल्ह्याची दप्तरं उंदरांनी आणि पावसाने खाल्लीत, मी स्वतः दोन वर्षं घालवलीत त्यात. आता पलटण कळलीय तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरलाही पत्र टाका. १९२२ ला या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री केली, ११७ वी तिची पाचवी बटालियन झाली.

अभिलेख_मावशी:
तुमचा अनुभव तो सगळ्यांचा नाही. आणि त्याला युद्धाचा इतिहास नकोय, बाईची पेन्शन का बंद झाली ते हवंय. हो ना रे?

माणदेशी_पोर:
हो मावशी, तेच. खरं सांगतो. भावकीत म्हणायचे की पणजीने पाट लावला म्हणून सरकारने पेन्शन तोडली. आजी म्हणजे त्यांची सून, ती २५ वर्षं त्यांच्याजवळ राहिली, ती म्हणते सासूबाईंनी दुसरा घरोबा कधीच केला नाही, मरेपर्यंत लोकांच्या शेतात खुरपलं पण केला नाही. आजी आता ९३ वर्षांची आहे. तिला तो कागद बघायचा आहे.

अभिलेख_मावशी:
मग नीट ऐक. विधवेची पेन्शन दुसऱ्या लग्नाने बंद व्हायची हे खरं. पण ती चालू राहायला हयातीचा आणि लग्न केलं नसल्याचा दाखला द्यावा लागायचा. गावच्या बड्या माणसाने सहीच दिली नाही तर बाई काय करणार? भावकीत जमिनीचा वाद होता का?

माणदेशी_पोर:
होता. विहिरीचा. पेटीत मेडलखाली घडी केलेला एक मोडी कागदपण आहे, फोटो टाकतो.

मोडी_अक्षर:
शेवटच्या चार ओळी लागतात. "मयत शिपाई याची बायको हयात आहे. पाट लाविला नाही. मुलगा एक, उमर वर्षे पाच. दुसरा वारस नाही." खाली दोन पंच, एकाची सही, दुसऱ्याची निशाणी नांगर.

माणदेशी_पोर:
आजीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, परत वाच.

सह्याद्री_वारा:
एक बोलतो, राग मानू नका. मुलगा पाच वर्षांचा म्हणजे हा पेन्शन सुरू होतानाचा कागद. बंद झाली ती नंतर. बंद केल्याचा हुकूम वेगळा असणार, तो मिळाला पाहिजे.

माणदेशी_पोर:
माहितीये दादा. मुंबई रद्द केली, रजा साताऱ्याला वापरतो.

मोडी_अक्षर:
उजव्या समासात पुसटसा आकडा दिसतोय, तो जावक नंबर असावा. कागद खिडकीशी सपाट ठेवून, फ्लॅश न लावता परत फोटो काढा. साताऱ्याला निघायच्या आधी टाका, त्या नंबराने बारनिशीत (आवक-जावक नोंदवहीत) शोधता येईल.