आबांची तीनशे पंधरा बोल्ट रायफल घरात आहे, हाताळणीबद्दल सल्ला हवा (ढेबेवाडी, ता. पाटण)

वांग_खोरं

नमस्कार मंडळी. आमच्या घरी वडिलांच्या, म्हणजे आबांच्या नावावर पीक संरक्षणाच्या परवान्यावर तीनशे पंधरा बोअरची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे. आबांचं वय आता ७३. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हात थरथरतो. परवा त्यांनीच विषय काढला, "परवाना तुझ्या नावावर करून घे, नाहीतर जमा करून टाकू."

मी पुण्याची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी शेतीत उतरलो. आयुष्यात बंदुकीला हात लावलेला नाही. रायफल लाकडी कपाटात कॅनव्हासच्या कव्हरमध्ये उभी असते. शेवटचा बार आठ वर्षांपूर्वी काढला होता. काडतुसं ११ आहेत, ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, त्याच कपाटात. घरात ९ आणि ६ वर्षांची दोन मुलं आहेत, त्यामुळे आता रात्री झोप लागत नाही.

रायफल नीट हाताळायची कशी, शिकायची कुणाकडून, ठेवायची कुठे? ठेवूच नये असं मत असेल तर तेही सांगा.

माजी_हवालदार

भाऊ, पहिलं काम आज संध्याकाळीच करा. पोरांना आजीबरोबर देवळात धाडा, आबांना शेजारी बसवा, आणि रायफल रिकामी आहे का ते बघा. आठ वर्षं बार काढला नाही म्हणजे रिकामी आहे, असं धरून चालू नका.

मी अपशिंग्याकडचा. मराठा लाइट इन्फंट्रीत २२ वर्षं काढली, त्यातली शेवटची काही एनसीसीच्या पोरांना पॉइंट टू टूची, म्हणजे बारीक काडतुसाची बोल्ट रायफल शिकवण्यात गेली. पहिल्या दिवशी मी त्यांना फक्त रिकामी करायला शिकवायचो, भरायला नाही.

आधी नळी कुठं रोखायची ते ठरवा. परड्यातला मातीचा बांध नाहीतर उकिरडा चांगला. फरशी नको, जांभा दगड नको, गोळी उसळते. बोट चापाच्या कडीबाहेर, लाकडाला लावून सरळ. मग पहिल्यांदा मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची खालची पेटी, काढा. त्यानंतर बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, त्याची मूठ वर उचलून पूर्ण मागं ओढा. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं त्या जागेत, काडतूस असलं तर बाहेर पडेल.

हा क्रम उलटा झाला की घात होतो. मॅगझिन तसंच ठेवून बोल्ट मागं ओढला की एक काडतूस बाहेर पडतं. माणसाला बरं वाटतं, तो बोल्ट पुढं ढकलतो, आणि मॅगझिनमधलं दुसरं चेंबरात चढतं. खाली पडलेलं काडतूस डोळ्यांसमोर असतं म्हणून रायफल रिकामी वाटते. बोल्ट उघडल्यावर नुसतं बघू नका, चेंबरात करंगळी घाला. संध्याकाळच्या उजेडात डोळा चुकतो, बोट चुकत नाही. मग तीच करंगळी मॅगझिनच्या जागेत. फौजेत "जाँच शस्त्र" म्हटलं की हेच करतात, आणि शंभरदा केलं तरी एकशेएकावेळी पहिल्यासारखंच करतात.

तुमच्या रायफलीचा बोल्ट जुन्या थ्री नॉट थ्रीच्या, ली-एन्फिल्डच्या घराण्यातला. पुढं ढकलताना शेवटच्या टप्प्यात जड लागतो. नवा माणूस अडकलं समजून हिसडा मारतो. ती स्प्रिंग दाबली जात असते, घाबरायचं कारण नाही. मूठ खाली बसली आणि बोल्टच्या मागचा खटका मागंच ओढलेला राहिला की रायफल चढलेली आहे. सेफ्टी लावा जरूर, पण तिच्यावर विसंबू नका, तो झिजणारा लोखंडाचा तुकडा आहे.

बोल्टवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर एकच आहे का बघा. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसला तरी वापरायचा नाही. चेंबर आणि बोल्टमधलं अंतर केसभर जरी बदललं तरी काडतुसाचं पितळ फाटून गॅस तोंडावर येऊ शकतो.

आणि एक. चाप ओढला, खट्ट झालं, पण बार उडाला नाही, तर लगेच बोल्ट उघडू नका. काडतूस उशिरानं पेट घेऊ शकतं. नळी बांधाकडंच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबा, मी मिनिटभर थांबायला लावायचो. मग तोंड बाजूला करून बोल्ट उघडा. आवाज फुसका आला, धक्का कमी बसला, तर मात्र पुढचा बार काढायचाच नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते, मागून दुसरी गेली की नळी फुटते. बोल्ट काढून, पार उजेड दिसतोय का ते बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

वांग_खोरं

हवालदार काका, काल सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं. चेंबर रिकामं होतं, मॅगझिनमध्ये मात्र दोन काडतुसं निघाली. आबांना ती आठवतच नव्हती. म्हणजे घरात ११ नव्हे, १३. बोल्ट फार घट्ट चालतोय, मुठीजवळ तांबूस गंज आहे. नळीतून बघितलं तर उजेड दिसत नाही, पण कव्हरचा धागा-बिगा असेल असं वाटलं.

शिराळ्याचा_शेतकरी

दोन काडतुसं निघाली हे वाचून अंगावर काटा आला, म्हणून लिहितोय. घरातली गोष्ट आहे, आजवर बाहेर कुणाला सांगितलेली नाही.

माझे थोरले चुलते बंदूक जपणारा माणूस. नागपंचमीच्या आदल्या दिवशी ओट्यावर बसून रायफल पुसत होते. मॅगझिन काढून शेजारी पोत्यावर ठेवलेलं होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यांनी बोल्ट पुढं केलेलाच होता, आत एक काडतूस होतं. फडक्यानं चापाची कडी पुसताना बार उडाला. गोळी स्वयंपाकघराच्या कुडातून आत गेली, चुलीच्या वर मांडलेल्या तांब्याच्या हंड्यातून पार झाली आणि पलीकडच्या भिंतीत रुतली. चुलती चुलीपुढं बसलेली होती, पुरणाचं घोटत होती. हंड्याला दोन भोकं पडून पाण्याच्या दोन धारा तिच्या पाठीवर पडत होत्या आणि ती जागची हलली नव्हती. आम्ही आत धावलो तेव्हा आम्हाला वाटलं ते रक्तच आहे.

चुलत्यांनी त्याच आठवड्यात रायफल जमा केली. तो हंडा चुलतीनं कल्हईवाल्याला दिला नाही की मोडीतही घातला नाही, माळ्यावर आहे. माझा मुलगा एअरगन मागायला लागला तेव्हा मी त्याला आधी माळ्यावर नेलं, त्या भोकात त्याचं बोट घालायला लावलं.

तेव्हा पुसायला बसायच्या आधी काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. पुसताना त्या खोलीत एकही काडतूस नको, खिशातसुद्धा.

साताऱ्याचा_वकील

कायद्याचं थोडक्यात सांगतो. परवाना आबांच्या नावावर आहे तोवर रायफल तुम्ही एकट्यानं घेऊन फिरू शकत नाही. दुरुस्तीला किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी न्यायची असेल तर आबा बरोबर हवेत, नाहीतर त्यांचं लेखी अधिकारपत्र हवं. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ३ मध्येच ही सवलत दिलेली आहे.

नावावर करायचं तर २०१६ च्या शस्त्र नियमांत वाट आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं राहिलं, यातलं जे आधी होईल, त्यानंतर कायदेशीर वारसाला परवाना मिळावा म्हणून अर्ज करता येतो. तुम्ही त्यात बसता. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणजे तुमचा "शिकायचं कुणाकडून" हा प्रश्न तिथंही येतोच. परवान्यावर यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे का तेवढं आजच बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. तुम्हाला नकोच असेल तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते, त्यात कमीपणा काही नाही.

पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराबाबत वनखात्याकडे अर्ज करून लेखी परवानगी मागता येते, २०१५ साली राज्य शासनानं त्याची पद्धत घालून दिली. गव्याला हात लावायचा नाही, तो पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या नुकसानीचा पंचनामा करून भरपाई मागा. आणि लग्नात, यात्रेत हौसेनं हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हवेत गेलेली गोळी कुठंतरी खाली येतेच.

माजी_हवालदार

वकीलसाहेबांच्या बोलण्याला जोडून सांगतो. लेखी परवानगी मिळाली तरी आपल्याकडच्या शेतात रात्री बार काढणं मला पटत नाही. शेतीची लाइट रात्रपाळीला असते. कोण कुठल्या बांधावर मोटार चालू करायला, दारं धरायला बसलाय, सांगता येत नाही. उसाच्या फडापलीकडं तोडकऱ्यांच्या कोप्या असतात, त्यात तान्ही पोरं निजलेली असतात. ऊस गोळी अडवत नाही. तीनशे पंधराची गोळी दीड-दोन किलोमीटरवरही माणूस मारू शकते. हलणारं पान, चमकणारा डोळा, खसफस, यावर नेम धरायचा नाही. अख्खं जनावर दिसलं पाहिजे आणि त्याच्या मागं मातीचा चढ दिसला पाहिजे. मागं नुसतं आभाळ दिसत असेल तर रायफल खाली घ्या.

बांध, ताल, तारेचं कुंपण ओलांडायच्या आधी रिकामी करा. ट्रॅक्टरवर, मोटरसायकलवर भरलेली रायफल कधीच नाही. दुसऱ्याच्या हातात देताना बोल्ट उघडा ठेवून द्या, घेणाऱ्यानं आपलं आपण पुन्हा तपासावं. त्याचा राग मानायचा नसतो.

कराडची_नेमबाज

मी कॉलेजला असताना पन्नास मीटर रायफल खेळायचे. राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेऊन आला, तो याच प्रकारात, तीन पोझिशनमध्ये. तेव्हापासून आमच्याकडे मुलं रायफल शिकायला विचारायला येतात.

दादा, एक गैरसमज आधीच दूर करते. कोल्हापूरला, पुण्यात बालेवाडीला रेंज आहेत, पण त्या एअर रायफल आणि पॉइंट टू टूच्या खेळासाठी. तीनशे पंधरा तिथे चालवता येत नाही. तरीही महिनाभर पॉइंट टू टूची बोल्ट रायफल प्रशिक्षकाच्या हाताखाली चालवाच. बोल्ट, बोट, श्वास, नळीची दिशा, सगळ्या सवयी तिथे पक्क्या होतात आणि धक्का जवळजवळ नसतो. एकदम तीनशे पंधरा खांद्याला लावली तर दुसऱ्याच बाराला डोळे मिटायला लागतात, आणि ती खोड मोडता मोडत नाही.

रेंजवर आम्ही चेंबरमध्ये केशरी झेंडी घालून ठेवतो, म्हणजे लांबूनही कळतं की आत काही नाही. तुम्ही गवत कापायच्या मशीनचा जाड नायलॉन दोरा वीतभर कापून घाला. बोल्ट त्यावर बंदच होत नाही. सरावाला विकतची डमी काडतुसं घ्या. खऱ्या काडतुसातली दारू काढून डमी करायला जाऊ नका, त्याच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी जिवंतच राहते.

कानात कापूस पुरत नाही. कान झाकणारे मफ घ्या. माझ्या डाव्या कानात आजही शिट्टी वाजते, ती एका दुपारच्या आळसाची.

मुलांचं म्हणाल तर "हात लावायचा नाही" एवढ्यावर थांबू नका. रिकामी करून, बोल्ट काढून, एकदा त्यांच्यासमोर ठेवा. काय आहे, काय करतं ते सांगा. कुतूहल शमलं की कपाटाची किल्ली शोधत फिरत नाहीत. तरी कुलूप हवंच. रायफल एका कुलपात, बोल्ट दुसऱ्या, काडतुसं तिसऱ्या, आणि किल्ल्या देवघराच्या खुंटीवर नकोत.

कोयनानगर

गंजाबद्दल. आमच्याकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कपाटातल्या चपलांनाही बुरशी चढते. कॅनव्हासचं कव्हर पहिलं काढून टाका. कॅनव्हास असो की चामडं, ओल धरून ठेवतं. नळी बोल्ट काढून मागच्या बाजूनं गजानं पुसायची, पुढून गज घातला की तोंड झिजतं. तेलाचा हात पातळ फिरवा, आणि बार काढायच्या आधी नळी, चेंबर कोरडं करा.

काडतुसांच्या बुडावर केएफ असेल तर तो खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा माल. पितळेवर हिरवट थर आला असेल, गोळी हातानं हलत असेल, तर वापरू नका. विहिरीत, नदीत टाकू नका. विक्रेत्याकडं नाहीतर पोलिसांकडं जमा करून पोच घ्या. मॅगझिन भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढं यायला हवी, नाहीतर ऐन वेळी एकमेकांत अडकतात.

आणि उजेड दिसत नाही म्हणता ते साधं समजू नका. नळीत काही असताना चुकूनही बार काढू नका. आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडं न्या.

वांग_खोरं

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आबांना बरोबर घेऊन परवानाधारक कारागिराकडे जाऊन आलो. रायफल रिकामी, बोल्ट वेगळ्या पिशवीत, काडतुसं घरी कुलपात.

त्यांनी बोल्टच्या बाजूनं पितळी गज आत सारला, तो पुढच्या तोंडाच्या चार बोटं अलीकडे अडला. हळूहळू ठोकून जे बाहेर काढलं ते त्यांनी कागदावर ठेवलं. कुंभारीण माशीचं घर. वाळलेल्या चिखलाची बोटभर लांब कांडी, आत कोळ्यांची सुकलेली कवचं. कव्हर तोंडाशी फाटलेलं होतं, तिथून ती आत गेली असणार. आबा बराच वेळ त्या कांडीकडे बघत उभे होते. गेल्या दिवाळीत डुकरं भुईमुगात घुसली तेव्हा त्यांनी कपाट उघडून रायफल बाहेर काढली होती, आणि दम लागला म्हणून पुन्हा ठेवली होती.

बोल्टचा नंबर जुळला. सेफ्टी ढिली आहे, ती बदलून मिळेपर्यंत रायफल त्यांच्याकडेच, रीतसर पावती घेऊन. आठ काडतुसं हिरवी निघाली, ती जमा केली. मी पुढच्या सोमवारपासून पॉइंट टू टूच्या वर्गाला नाव घातलंय. परवान्याचा अर्ज प्रमाणपत्र हातात आल्यावरच करेन.