अपुइया गेला तिथेच मुंबई सिटीचा खेळ मोडला (चर्चा)

अंधेरीचा निळा

मुद्दा थेट मांडतो. २०२२-२३ मध्ये मुंबई सिटीने आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग, फुटबॉल) २० साखळी सामन्यांत ५४ गोल केले. २०२४-२५ मध्ये २४ सामन्यांत फक्त २९. छांगते तोच, बिपिन तोच, विक्रम प्रताप तोच, मेहताब तोच, गोलमध्ये फुर्बा तोच. तरी दर वेळी खापर पुढच्या फळीतल्या तिघांवर फुटलं: छांगते आटला, करेलिस संथ आहे, बिपिनला क्रॉस जमत नाही.

माझ्या मते दुखणं ३० मीटर मागे आहे. ४ मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर फायनलमध्ये मोहन बागानला ३-१ ने हरवून आपण कप जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात अपुइया मोहन बागानकडे गेला. त्या दिवसापासून आपल्याकडे पाठीवर माणूस असताना चेंडू घेऊन वळणारा भारतीय मिडफिल्डर उरला नाही.

अपुइया नक्की काय करायचा ते सांगतो, कारण हे काम स्कोअरकार्डवर कुठेच दिसत नाही. सेंटर बॅकच्या (मधल्या बचावपटूच्या) पायातून पास सुटायच्या आधी तो एकदा खांद्यावरून मागे बघायचा आणि चेंडू वाटेत असताना पुन्हा एकदा. अंग तिरकं, एक खांदा आपल्या गोलकडे, दुसरा त्यांच्या. चेंडू घ्यायचा तो लांबच्या पायावर, म्हणजे पहिल्या टचलाच तोंड पुढे. दोन टचमध्ये समोरची प्रेस करणारी (चेंडू हिसकवायला अंगावर येणारी) अख्खी फळी मागे पडायची, आणि छांगतेला चेंडू मिळायचा तेव्हा त्याच्यासमोर एकटा लेफ्ट बॅक असायचा.

आता २०२४-२५ चं उलट चित्र बघा. मिडफिल्डर सेंटर बॅककडे तोंड करून सरळ उभा राहतो आणि जवळच्या पायावर चेंडू घेतो. वळायला वाव नाही, त्यामुळे चेंडू परत मागे. तेवढ्यात प्रतिस्पर्धी दहा मीटर वर सरकतो. मग पास फुलबॅककडे (कडेच्या बचावपटूकडे), तो साइडलाइनला चिकटलेला, आतला रस्ता बंद. तिथून छांगतेला चेंडू मिळतो तो मध्यरेषेजवळ, गोलकडे पाठ आणि अंगावर दोन जण. तिथे मेस्सी आणून ठेवला तरी चेंडू मागेच जाईल.

छांगतेवर राग काढणाऱ्यांनी पुढच्या सामन्यात फक्त १५ मिनिटं चेंडूऐवजी सहा नंबरच्या (बचावफळीपुढच्या मिडफिल्डरच्या) खांद्यांकडे बघावं. मग बोलू.

कोपऱ्यावरचा झेंडा

वर्णन अचूक आहे, निष्कर्ष नाही.

तुम्ही ५४ वरून थेट २९ वर उडी मारलीत. मधला हंगाम कुठे गेला? २०२३-२४ मध्ये २२ सामन्यांत ४२ गोल. सामन्यामागे आधी २.७, मग १.९, मग १.२. पहिली मोठी घसरण अपुइया संघात असतानाच झाली आहे. तिचं काय?

त्या वर्षी मिडफिल्डर जाहू ओडिशाकडे गेला. जानेवारी २०२४ मध्ये ग्रेग स्टुअर्ट गेला. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रशिक्षक बकिंगहॅम ऑक्सफर्डला गेले आणि त्यांच्या जागी क्रॅटकी आले. त्या २.७ मागे जाहूचा ४० मीटरचा तिरका पास आणि स्टुअर्टचं दोन फळ्यांच्या मधे उभं राहणं होतं. अपुइया त्या दोघांच्या शेजारी धावायचा. उत्तम धावायचा, पण गोल उघडणारा तो नव्हता.

२०२४ मध्ये खरा माणूस गेला तो पेरेरा डियाझ. स्ट्रायकर म्हणून त्याचे गोल मोजले जातात, पण तो सेंटर बॅकला बॉक्समधून बाहेर ओढायचा हे कुणी मोजत नाही. तो पाच-सात पावलं मागे यायचा, सेंटर बॅक त्याच्या पाठीला चिकटून बाहेर यायचा, आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत उजवीकडून छांगते, डावीकडून बिपिन तिरके घुसायचे. छांगते डावखुरा आहे आणि उजवीकडून खेळतो. आत वळल्यावर त्याला समोर मोकळी जागा लागते. करेलिस मेहनती आहे, २०२४-२५ मध्ये संघाचे सर्वाधिक गोल त्याचेच. पण त्याची सवय शेवटच्या बचावपटूच्या खांद्यावर उभं राहायची. मग दोन्ही सेंटर बॅक बॉक्समध्येच राहतात आणि छांगते आत वळला की तिसऱ्या माणसावर जाऊन आदळतो. हे मिडफिल्डने सुटणारं नाही.

अंधेरीचा निळा

@कोपऱ्यावरचा झेंडा, जाहू गेल्यावर गोल कमी झाले, मान्य. पण गुण बघा. २०२३-२४ मध्ये ४७ गुण, मोहन बागान ४८. शील्ड (साखळीत पहिल्या येणाऱ्याची) शेवटच्या दिवशी एका गुणाने गेली, बरोबरी पुरली असती. २२ सामन्यांत आपल्यावर गोल झाले १९. पुढच्या हंगामात २४ सामन्यांत २८, आणि ३६ गुणांसह सहावा क्रमांक. जाहू नसतानाही संघ उभा होता, कारण मधला खांब उभा होता. चेंडू मधे हरवला नाही की बचावफळीवर उलटा हल्लाच येत नाही. केलेले आणि खाल्लेले, दोन्ही गोल एकाच जागेवरून ठरतात.

हिशेबनीस

दोघंही माणसांबद्दल बोलताय. जरा नियमाबद्दल बोलू या.

२०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी. त्याआधी पाच चालायचे. प्रशिक्षक लोबेरांच्या २०२०-२१ च्या संघात फॉल, सान्ताना, जाहू, बुमूस आणि ल फॉन्द्र असे पाचही एकदम उतरवता यायचे. शील्ड आणि कप दोन्ही आले. तो साचा आता कायद्यानेच बंद आहे, त्यामुळे "लोबेरांसारखं खेळा" ही मागणी सोडून द्यावी.

चार जागा म्हणजे पाठीचा कणा धरून जेमतेम. बकिंगहॅमची नेहमीची मांडणी आठवा: मागे फॉल, मधे जाहू, पुढे स्टुअर्ट आणि पेरेरा डियाझ. बचावात एकच परदेशी, कारण त्याच्या शेजारी राहुल भेके किंवा मेहताब विश्वासाने उभा करता येत होता. २०२४ मध्ये भेके बेंगळुरूला गेला. कप उचलणारा कर्णधार, मुंबईचा पोरगा, मधे आणि उजवीकडे दोन्ही जागी खेळणारा. तो गेल्यावर मागे तिरी आणि क्रौमा या दोन्ही परदेशींना उतरवलं की दोन जागा तिथेच संपल्या. मधे व्हॅन नीफ खेळवला की तिसरी. उरली एक. ती करेलिसला दिली तर मिडफिल्डर तोराल बाकावर, तोरालला दिली तर बॉक्समध्ये कुणी नाही.

म्हणजे भेकेची उणीव पुढच्या फळीत दिसली. अपुइयाबाबतही हेच गणित लागू होतं. सहा किंवा आठ नंबरवर, म्हणजे मिडफिल्डमध्ये, पहिल्या दर्जाचा भारतीय असला की एक परदेशी जागा पुढे सरकते. एकाच उन्हाळ्यात असे दोन भारतीय गेले. माझ्या लेखी भेकेचं जाणं जास्त महाग पडलं, कारण व्हॅन नीफ मधे निदान होता. भेकेच्या जागी आलेला प्रत्येक उपाय दुसरीकडून काहीतरी काढून घेत होता.

चेंबूरची निळी

हिशेबनीस +१. पण मेहताब होता ना! मेहताब आणि तिरी अशी जोडी मधे, उजवीकडे वालपुइया, आणि दोन परदेशी जागा मोकळ्या. हे जमण्यासारखं होतं. प्रशिक्षकांनी धोका टाळला आणि बरोबऱ्या पदरात घेतल्या. ९ विजय आणि ९ बरोबऱ्या, हा त्या भीतीचा निकाल आहे.

मडगावकर

मी एफसी गोवाचा. २४ एप्रिल २०२४ च्या, आमच्या फातोर्ड्यावरच्या सेमीफायनलचा घाव अजून ओला आहे: ९० व्या मिनिटापर्यंत २-० पुढे आणि शेवटी २-३. त्यामुळे तुमच्या संघाकडे बारकाईने बघितलंय.

तुमच्या चर्चेत ब्रँडन फर्नांडिसचं नाव अजून आलं नाही याचं नवल वाटलं. त्या सामन्यात आमचा दुसरा गोल त्याचाच, आणि त्याच उन्हाळ्यात तो तुमच्याकडे आला. त्याला अपुइयाची जागा भरायला लावलं तर दोष त्याचा नाही. ब्रँडन चेंडू जिंकणारा नाही. त्याला चेंडू लागतो तो समोरच्यांच्या बॉक्सच्या कडेपासून २०-२५ मीटरवर, आणि त्याच वेळी समोर किमान दोन जण वेगवेगळ्या दिशांना धावत असले पाहिजेत. एक जवळच्या पोस्टकडे, एक मागच्या. गोव्यात त्याच्याभोवती हे ठरलेलं होतं. मुंबईत तो वर बघायचा तेव्हा करेलिस एकटा, छांगते लाइनवर चेंडू पायात मागत उभा, डावा विंगरही तसाच. मग ब्रँडन आडवा पास द्यायचा आणि लोक म्हणायचे, धाडस नाही.

कॉर्नरचंही तेच. त्याचा चेंडू जवळच्या पोस्टपाशी वेगाने, डोक्याच्या उंचीवर येतो. तिथे कुणीतरी धावत येऊन त्याला फक्त दिशा द्यायची असते. मागे जागेवर उभं राहून उडी मारणाऱ्यांना तो चेंडू कधीच मिळणार नाही.

आणि एक, प्रतिस्पर्धी म्हणून सांगतो. तुमच्याविरुद्ध २०२३-२४ मध्ये प्रेस करायला भीती वाटायची. नंतर स्ट्रायकरने सेंटर बॅककडे वाकडी धाव घेतली, म्हणजे सहा नंबर पाठीमागे झाकला गेला, की निम्मं काम व्हायचं. या बाबतीत मी अंधेरीच्या निळ्यांच्या बाजूने.

चेंबूरची निळी

ज्यांना वाटतं की सगळा दोष खेळाडूंच्या दर्जाचा, त्यांनी दोन सामने शेजारी ठेवून बघावेत. ११ मार्च २०२५, कांतीरवा: बेंगळुरू ०, मुंबई २. छांगते आणि करेलिसचे गोल, प्ले-ऑफ नक्की. २९ मार्च, तेच मैदान, तोच प्रतिस्पर्धी: बेंगळुरू ५, मुंबई ०. अठरा दिवसांत अपुइया दुसऱ्यांदा गेला नव्हता.

फरक कशाने पडला? पहिल्या सामन्यात आपल्याला बरोबरी पुरत होती, छांगतेने आठव्याच मिनिटाला गोल केला, आणि नंतर आपण मागे दाट बसून मोकळ्या जागेत पळालो. दुसऱ्यात बेंगळुरूने लवकर गोल केला आणि चेंडू आपल्याकडे ठेवून काहीतरी घडवायची वेळ आली. पुढे सरकलो तसं फुलबॅक आणि सेंटर बॅक यांच्यातलं अंतर वाढत गेलं. मागे पडल्यावर काय करायचं याची दुसरी योजना दिसलीच नाही. ही सरावाची आणि तयारीची बाब आहे, खरेदीची नाही.

अंधेरीचा निळा

@चेंबूरची निळी, तुम्ही दिलेला दाखला माझ्याच बाजूने जातो. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना आपण ठीक, चेंडू आपल्याकडे आला की अडलो. पुढे जाणारा पहिला पास कोण देणार, हाच तो प्रश्न.

आणि अपुइया "शेजारी धावणारा" होता म्हणणाऱ्यांनी ७ एप्रिल २०२५ बघावं. मोहन बागान-जमशेदपूर सेमीफायनल, दोन्ही लढती मिळून बरोबरी, भरपाईची वेळ सुरू, आणि बॉक्सबाहेरून अपुइयाचा फटका थेट जाळ्यात. त्या हंगामात त्यांनी ५६ गुणांची शील्डही घेतली आणि कपही. तो आपल्या निळ्या शर्टात असायला हवा होता, हे मी शंभर वेळा म्हणेन.

कोपऱ्यावरचा झेंडा

गोल अप्रतिम होता, वाद नाही. पण त्या संघात त्याच्यापुढे मॅक्लारेन, कमिंग्ज, पेत्रातोस आणि आपलाच जुना स्टुअर्ट होता. वळून बघितल्यावर समोर चार पर्याय असतील तर वळण्याला अर्थ. आपल्याकडे तो वळला असता आणि समोर मडगावकरांनी सांगितलेलं चित्र दिसलं असतं: एक करेलिस, दोन विंगर लाइनवर.

माझी मागणी साधी आहे. छांगतेच्या मागचा राइट बॅक दर हल्ल्यात बाहेरून पुढे गेला पाहिजे, म्हणजे दुसरा माणूस त्याच्या मागे जातो आणि छांगतेला आत एकास एक मिळतो. त्या वेळी सहा नंबरने उजव्या सेंटर बॅकजवळ थांबायचं, फुलबॅकची रिकामी जागा धरून. आणि डाव्या विंगरने लाइन सोडून मागच्या पोस्टवर यायचं. बिपिनने १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यावर ९० व्या मिनिटाला जो गोल करून पहिला कप आणला, तो लाइन सोडून गोलसमोर आला होता म्हणूनच झाला.

हिशेबनीस

राइट बॅक दर हल्ल्यात वर गेला आणि मागे तिरीसारखा वेगात कमी पडणारा सेंटर बॅक असला, तर त्याच्या उजवीकडच्या ३० मीटर मोकळ्या जागेत कोण पळणार? सहा नंबर एकटा तिथे पुरत नाही. तिथे भेके लागतो.